प्राण्या-वनस्पतींची शास्त्रीय नावं मधूनच का बदलतात?

कारण नावातच वर्गीकरण असतं: पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. अशी दोन शब्दी नावं रूढ करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये सिंहाला मांजराच्याच प्रजातीत घातलं होतं, फेलिस लिओ. पुढे त्याला वाघ-बिबट्यांबरोबर ठेवलं आणि तो पँथेरा लिओ झाला. ‘लिओ’ मात्र टिकलं, कारण नियमांनुसार आधीच्या नावाला अग्रहक्क असतो.

डीएनए तपासणी आल्यापासून असे फेरबदल वाढलेत. बाभळीचं प्रकरण तर भांडणापर्यंत गेलं. आधी ऑस्ट्रेलियातली तिची नातलग झाडं आणि आपली बाभूळ ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत होती; ती प्रजाती फोडायची ठरली, तेव्हा जुनं नाव कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला. २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना देऊन टाकलं (तिथे जाती कितीतरी जास्त, म्हणून) आणि आफ्रिका-आशियातली बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली. आफ्रिकेतले अनेक अभ्यासक चिडले. मला त्यांचं पटतं. ‘अकेशिया’ या नावाचा मूळ नमुना (म्हणजे ज्या झाडाशी ते नाव नियमाने बांधलेलं असतं ते) बाभळीचाच होता.