गाडी ऑईल खाते की सांडते?

प्रश्न : १९७८ची अँबॅसडर, पेट्रोल. घरासमोर चढ आहे, तोंड वर करून गाडी लावतो. सकाळी क्लचच्या खाली बशीएवढा डाग असतो. गॅरेजवाले म्हणतात, मागचं सील गेलं, इंजिन उतरवावं लागेल. खरं आहे का? (सातारा)

तुमच्या १४८९ सीसी इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सीलच नसतं, मग जाणार काय? क्रँकवर, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, उलटे आटे कोरलेले असतात. क्रँक फिरताना ते ऑईल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात, परत ढकलतात. इंजिन बंद झालं की त्यांचं काम थांबतं, आणि गाडीचं तोंड वर असेल तर ऑईल नेमकं मागेच साचतं. त्यामुळे रात्रीतून दोन-चार थेंब पडणं हा या इंजिनाचा स्वभाव आहे. बशीएवढा डाग मात्र स्वभावात बसत नाही.

आधी दोन रात्री गाडी सपाटीला लावा आणि खाली पुठ्ठा टाका. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल तर जास्तीचं ऑईल काढा. मग ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वाफारा बाहेर सोडणारी नळी, बघा. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो आणि बहुतेक जण इथेच बघत नाहीत. ब्लॉकच्या साईड कव्हरवरून खाली येणारी नळी काजळीने तुंबली की क्रँककेसमधला दाब मिळेल त्या फटीतून ऑईल बाहेर ढकलतो. नळी काढून डिझेलने धुवा आणि फुंकून बघा. ती साफ असूनही ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर भकाभक वाफारा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

पुढची गोष्ट म्हणजे गळतीचा उगम. इंजिन डिझेलने पुसून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, १५-२० किलोमीटर फिरा आणि टॉर्च घेऊन खालून बघा. ऑईल वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरची (इंजिनावरच्या झाकणाची) मागची कड किंवा मॅनिफोल्डखालची साईड कव्हरं गळत असली तरी थेंब बेल हाऊसिंगखालीच (क्लचच्या घराखाली) पडतो. ही पॅकिंगं कॉर्कची असतात. गळतंय म्हणून नट आवळले की कॉर्क फाटून जास्त गळतं. टॅपेट कव्हरच्या नटांना ४ पौंड-फूट पुरतात, म्हणजे आखूड पान्याला दोन बोटांचा जोर. गिअरबॉक्सची पातळीही तपासा. ती घटली असेल तर इंजिन निर्दोष आहे.

एवढं करूनही डाग तेवढाच राहिला तरच इंजिन उतरवा. उतरवलंच, तर मागच्या मेन बेअरिंगची झीज मोजून घ्या. क्रँक खाली बसली असेल तर आट्यांची फट वाढते, आणि मग नुसती पॅकिंगं बदलून काही साधत नाही.

प्रश्न : अँबॅसडरच. यवतेश्वरचा घाट गिअरवर उतरून समर्थ मंदिरापाशी अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे निळ्या धुराचा लोट, थोड्या वेळात साफ. रिबोअर (सिलिंडर कापून मोठे) करू का? (सातारा)

इतक्यात नको. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि टॅपेटकडचं ऑईल व्हॉल्व्ह गाईडच्या फटीतून आत खेचलं जातं. पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते जळतं. रिंगा गेल्या असत्या तर घाट चढतानाही धूर दिसला असता.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने मोजा. इंजिन गरम, इग्निशन तोडलेलं, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्टार्टरवर पाच-सहा फेरे. आकडे लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑईल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर, जागचा हलला नाही तर हेडचं, म्हणजे व्हॉल्व्हचं, काम. एक फसवी जागा आहे: ऑईल रिंग चिकटली असेल तर कॉम्प्रेशन चांगलं येऊनही ऑईल जळतं, तेव्हा त्या सिलिंडरचा प्लग काळा-ओला निघतो. व्हॉल्व्हच्या कॉटरखाली (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या खिट्टीखाली) छोट्या रबरी रिंगा असतात, त्या कडक होऊन तुटतात. आधी त्या बदला, खर्च किरकोळ आहे. हजार किलोमीटरला अर्धा लिटर जात असेल तर आम्ही तरी गाडी चालवत राहू, लिटरभर जायला लागलं की हेड उतरवू.

प्रश्न : पद्मिनीची ऑईल पातळी घटायच्या ऐवजी वाढतेय! (सांगली)

गाडी आज चालवू नका. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं. पडदा किंवा पंप बदला, ऑईल आणि फिल्टरही नवे घाला. वास नसेल आणि ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय: रेडिएटरची पातळी बघा, हेड पॅकिंग संशयित. पावसाळ्यात फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट लोणी जमलं असेल तर घाबरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओल साचते, तासभर हायवेला न्या.

प्रश्न : अँबॅसडरमध्ये भारी सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घातलं, तेव्हापासून गरम झाल्यावर आयडलिंगला ऑईलचा दिवा लुकलुकतो. (मिरज)

ऑईल भारी असेल, पण या इंजिनासाठी नव्हे. जुन्या फटींना २०डब्ल्यू-५० मिनरलच हवं. बदलूनही दिवा लुकलुकला तर त्याच्या स्विचवर विश्वास न ठेवता तिथे काट्याचा गेज लावा. गरम इंजिनाला ऑईलचा दाब आयडलिंगला १५ पीएसआयच्या आसपास आणि रस्त्यावर ५० हवेत. कमी भरले तर ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे असलेला घुमटी नट खोलून रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) काढा. स्प्रिंगची मोकळी लांबी ३ इंच भरायला हवी. आखूड असेल तर नवी घाला, खाली वॉशर घालून दाब वाढवू नका. गेजचा काटा वर जातो, झिजलेलं बेअरिंग आहे तसंच राहतं.