विंट हृदय घडवतो की थांबवतो, आणि बाबांच्या व्हॉल्व्हबद्दल

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत गं. एकात विंटमुळे (पेशी एकमेकींना देतात त्या सिग्नलांपैकी एक) हृदय बनतं आणि दुसऱ्यात विंट दाबला की हृदय बनतं, मग परीक्षेत काय लिहू असं विचारलंयस, तर आधी वेळ लिही आणि मग परिणाम. अमुक सिग्नल चालना देतो, तमुक अडवतो असा तक्ता पाठ करून येणारी मुलं इथे बडोद्यात सायन्स फॅकल्टीत मी दरवर्षी बघते आणि खरंच वाईट वाटतं, कारण या विषयातलं सगळं सुंदर त्या "केव्हा"मध्येच आहे.

अगदी सुरुवातीला मेसोडर्म, म्हणजे गर्भाचा मधला थर, व्हायलाच विंट लागतो, उंदराच्या गर्भात विंटचा निरोप पेशीत पोचवणारं बीटा-कॅटेनिन काढून टाकलं तर मेसोडर्मच होत नाही, मग हृदय कुठून येणार. पण मेसोडर्म झाल्यावर त्यातल्या पेशी हृदयाकडे वळायच्या तर विंट खाली यावा लागतो आणि शेजारच्या एंडोडर्मकडून (आतल्या थराकडून) बीएमपी हा दुसरा सिग्नल मिळावा लागतो. २००१ मध्ये कोंबडीच्या गर्भात विंट अडवणारी प्रथिनं दिली तेव्हा जिथे रक्तपेशी व्हायच्या त्या जागी हृदयाच्या पेशी झाल्या, आणि उलट, हृदयाच्या जागी विंट वाढवला तर हृदय अडलं. बेडकातही त्याच वर्षी विंट अडवून असंच दिसलं. पुढे सेकंड हार्ट फील्डच्या, म्हणजे हृदयात मागाहून भर घालणाऱ्या, पेशींना संख्या वाढवायला परत विंट हवाच असतो! विरजण कोमट दुधात घातलं तर दही, उकळत्यात घातलं तर दूध नासतं, विरजण तेच, तसं आहे हे. प्रॅक्टिकलला ३३ तासांच्या चिकची (कोंबडीच्या गर्भाची) स्लाइड बघतेस ना, त्यात हृदयाची नळी उजवीकडे वळायला लागलेली दिसते, तोपर्यंत हे चालू-बंद बरंचसं उरकलेलं असतं.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही हं. २०१२ पासून स्टेम सेलपासून हृदयाच्या पेशी करायची जी पद्धत जगभर वापरतात ती हीच आहे, आधी विंटला दाबून ठेवणारं जीएसके-३ अडवून विंट चढवायचा, दोन-तीन दिवसांनी दुसरं औषध घालून उतरवायचा, आठवडा-दीड आठवड्यात डिशमध्ये पेशी धडधडायला लागतात. क्रम चुकला तर काही मिळत नाही.

तुझा दुसरा प्रश्न, गर्भातले सिग्नल मोठ्या माणसाच्या आजारात कशाला शिकायचे. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण कॅल्सिन्यूरिन आणि एनफॅटचं, कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम एनफॅट प्रथिनांना चालू करतं आणि ती पुढे जीन्स चालू करतात. १९९८ मध्ये दोन गटांना दिसलं की एनफॅटसी१ नसलेल्या उंदरांच्या गर्भात व्हॉल्व्ह नीट होत नाहीत आणि पिल्लं जन्माआधीच मरतात, आणि त्याच वर्षी तिसऱ्या गटाने उंदराच्या हृदयात कॅल्सिन्यूरिन कायम चालू ठेवलं तर हृदय जाड होऊन फेल झालं. म्हणजे गर्भात जी साखळी नसली तर जीव जातो, तीच पुढे सतत चालू राहिली तर आजार. थकलेलं हृदय गर्भातली जुनी जीन्स परत चालू करतं, कार्डिओलॉजिस्ट ज्या बीएनपी या हृदयातून येणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी सांगतात त्याचं जीनही त्यातलंच एक.

आता तुझ्या बाबांचा बायकस्पिड, म्हणजे तीनऐवजी दोनच पाकळ्यांचा, महाधमनीचा व्हॉल्व्ह आणि नॉच हा आणखी एक सिग्नल, यांचा संबंध आहे का असं विचारलंयस. संबंध आहे. गर्भात नॉचमुळे आतल्या अस्तरातल्या काही पेशी सुटून अस्तराखालच्या जेलीसारख्या थरात शिरतात आणि त्यातूनच व्हॉल्व्ह घडतात. २००५ मध्ये काही कुटुंबांत नॉच१ या जीनमधला दोष सापडला, त्यांच्यात दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्हही होता आणि पुढे त्यात कॅल्शियमही साचलं, कारण नॉच हाड बनवणाऱ्या रनएक्स२ या जीनला दाबून ठेवतो, तो दाब गेला की व्हॉल्व्हच्या पेशी हाडासारख्या वागायला लागतात. पण म्हणून बाबांच्यातही नॉच१ च बिघडलाय असं अजिबात धरू नकोस, बहुतेक घरांत तो दोष सापडत नाही, आणि शंभरात साधारण एक-दोन जणांचा व्हॉल्व्ह असा असतो, पुष्कळ जण वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. जीन टेस्टच्या मागे आत्ता लागू नका. एक मात्र नक्की करा, हे घराण्यात चालू शकतं म्हणून तू आणि तुझा भाऊ दोघांनी एकदा एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, त्रास काही नसला तरी, आणि बाबांच्या पुढच्या एकोत व्हॉल्व्हबरोबर महाधमनीची रुंदीही मोजून लिहा असं डॉक्टरांना सांग, या व्हॉल्व्हवाल्यांची धमनी हळूहळू फुगू शकते आणि जुने आकडे हाताशी असले तरच ते कळतं.