ऑपरेशनची तारीख ठरलीय, तरीही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, सेकंड ओपिनियन घ्यायला गेलो तर हे डॉक्टर रागावणार नाहीत ना? ऑपरेशन कदाचित त्यांच्याच हातून करून घ्यायचंय." आईच्या कॅन्सरची एवढी मोठी बातमी घरात आलेली असताना तुला समोरच्याच्या मनाचीही काळजी वाटते, हा तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून आधी या भीतीचाच निकाल लावू. चोरून जाऊ नकोस. सरळ सांग, "डॉक्टर, निर्णय मोठा आहे, आणखी एका ठिकाणी दाखवून येतो. सगळे कागद, सीडी आणि स्लाइड्स हव्यात." कॅन्सरची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनना हे नवीन नसतं, अनेक जण स्वतःच चिठ्ठी लिहून देतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, आणि ती सनद केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये सगळ्या राज्यांना पाठवली. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, हा वैद्यकीय परिषदेचा नियम तर २००२ पासूनचा. एवढं करूनही कोणी नाराज झालंच, तर ती नाराजी सोस आणि कागद घेऊनच बाहेर पड.

मी डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासणाऱ्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून झाली. वहिनींनी कोणते उपचार घ्यावेत हे मी सांगणार नाही, सांगूही नये. पण दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना काय न्यावं, काय विचारावं आणि कुठे थांबू नये, हे मी जवळून पाहिलंय.

कुठे थांबायचं नाही ते आधी सांगतो. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि गॅस दोन्ही बंद झालं, किंवा रक्त जायचं थांबेना, तर सेकंड ओपिनियनचा विचार बाजूला ठेव आणि त्यांना तडक जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ने. आतडं अडलं किंवा फुटलं तर वेळ हाताशी नसतो. वहिनींना आज तसं काही नाही, जेवण जातंय, पोट साफ होतंय. अशा वेळी विचारपूस करण्यात आठवडा-दोन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. त्याचे महिने मात्र होऊ देऊ नकोस. आणखी एक मत घ्यायचं, पाच नाही.

आता तू पाठवलेले कागद. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये लिहिलंय की गाठ गुदद्वारापासून ६ सेंटिमीटरवर आहे. सगळ्या फायलीत मला ही ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. घरात सगळे "आतड्याचा कॅन्सर" म्हणताहेत, पण मोठं आतडं म्हणजे कोलन, आणि त्याचा शेवटचा साधारण १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे रेक्टम, यांच्या उपचारांची वाट वेगळी असते. कोलनमधली गाठ दुसरीकडे पसरली नसेल तर बहुतेक वेळा आधी ऑपरेशन होतं आणि मग लागली तर केमो. रेक्टम मात्र ओटीपोटाच्या अरुंद जागेत गर्भाशय, मूत्राशय आणि नसांना खेटून असतो. तिथली गाठ भिंतीच्या बाहेर गेली असेल किंवा शेजारच्या लिम्फ नोड्समध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) शिरली असेल, तर पुष्कळदा आधी रेडिएशन आणि केमो देतात, काही आठवडे थांबतात आणि मग ऑपरेशन करतात. जर्मनीतला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रेडिएशन आणि केमो ऑपरेशनच्या आधी दिलेल्यांमध्ये ५ वर्षांत त्याच जागी कॅन्सर परत येण्याचं प्रमाण ६ टक्के होतं, नंतर दिलेल्यांमध्ये १३ टक्के. आधी दिल्यावर त्रासही कमी झाला. एकदा ऑपरेशन झालं की हा क्रम बदलता येत नाही, म्हणून मी तुला आत्ता घाईने लिहितोय. "ऑपरेशन करायचं का?" एवढंच विचारून परत येऊ नकोस. "आधी काय आणि नंतर काय, आणि असं का?" हे विचार.

वहिनींच्या फायलीत छाती-पोटाचा सीटी आहे, रक्तातला सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारा एक घटक) आहे, गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी आहे. पेल्व्हिसचा, म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय मला दिसला नाही. गाठ भिंतीत किती खोल गेलीय आणि रेक्टमभोवतीच्या आवरणापासून किती मिलिमीटर लांब आहे, हे सीटीत नीट कळत नाही, एमआरआयमध्ये कळतं. कदाचित तो झाला असेल आणि रिपोर्ट तुझ्या हातात आला नसेल. झालाच नसेल, तर दुसरीकडे जाण्याआधी आताच्याच डॉक्टरांना विचार की एमआरआय न करता थेट ऑपरेशन का. त्याला कारण असू शकतं. ते ऐक आणि वहीत लिहून ठेव.

बायोप्सीवर एमएमआरची तपासणी झालीय का, हेही विचार. त्यात पेशींमधली डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं शाबूत आहेत का ते बघतात. थोड्याच रुग्णांत त्यांतलं एखादं नसतं, पण ज्यांच्यात नसतं त्यांच्या उपचारांची दिशा बदलू शकते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशा १२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रेक्टममधली त्यांची गाठ नुसत्या इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या औषधाने, दिसेनाशी झाली होती. आकडा लहान आहे, बहुतेकांना ते लागू पडत नाही, तेव्हा त्यावर आशा बांधू नकोस. तपासणी मात्र राहून जायला नको.

आता माझ्या कामातली गोष्ट, जरा सविस्तर लिहितो. कोलोनोस्कोपीत चिमट्याने काढलेले तुकडे तांदळाच्या कणीएवढे असतात. ते फॉर्मॅलिनच्या बाटलीतून लॅबमध्ये येतात, मशीनमध्ये रात्रभर त्यांतलं पाणी काढून टाकलं जातं आणि सकाळी ते मेणात बसवतात. प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटवरचा तो मेणाचा चौकोन म्हणजे ब्लॉक. मग मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे, सुरकुती पडू न देता काचेवर उचलायचे आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. ही झाली स्लाइड. तुझ्याकडे आहे तो रिपोर्ट म्हणजे ती स्लाइड बघून एका पॅथॉलॉजिस्टने लिहिलेलं मत. दुसऱ्या ठिकाणी नुसता रिपोर्ट नेलास तर तिथे पहिल्याचंच मत वाचलं जाईल. स्लाइड आणि ब्लॉक नेलेस तर ते स्वतः बघतील, हवे तर नवे काप काढतील, एमएमआरही त्याच ब्लॉकवर करतील.

त्यासाठी लॅबला साधा अर्ज लागतो, सोबत आईच्या आणि तुझ्या ओळखपत्राची प्रत. ब्लॉकवरचा आणि स्लाइडवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच काउंटरवर उभं राहून ताडून बघ. किती ब्लॉक, किती स्लाइड मिळाल्या ते लिहून घे. स्लाइड कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकू नकोस, प्लास्टिकचा स्लाइड बॉक्स माग. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नकोस, मेण आहे ते. कुरिअरने पाठवू नकोस, स्वतः ने. काम झाल्यावर ब्लॉक परत घे, कारण पुढे कधी आणखी तपासणी लागली तर तोच उपयोगी पडतो. स्कॅनचंही तसंच. मोबाइलवर काढलेले फिल्मचे फोटो चालत नाहीत, सेंटरकडून सीडी घे आणि ती उघडते का ते घरी बघ.

कुठे जायचं? पहिल्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलशी संबंध नसलेलं ठिकाण निवड, जिथे सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले एकत्र बसून केस बघतात. त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही खासगी हॉस्पिटलांतही तो असतो, फोनवर स्पष्ट विचार. परळचं टाटा मेमोरियल हे कॅन्सरचं हॉस्पिटल आहेच. खारघरचं ॲक्ट्रेकही टाटा मेमोरियल सेंटरचंच, ठाण्याहून पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल थेट खारघरला जाते. वहिनींसारख्या रुग्णांना कुठे आणि कोणत्या वारी बघतात ते आधी विचारून मगच नीघ. परळला पहिला दिवस नाव नोंदवण्यात आणि रांगेत जाईल हे धरून चाल. दोघं जा, एकाने रांगेत उभं राहायचं आणि एकाने वहिनींजवळ बसायचं. ऑनलाइन मत देणाऱ्या सेवाही आहेत, पण आपण ठाण्यात राहतो, वहिनींना घेऊनच जा. इतक्या खालच्या गाठीत सर्जन बोटाने तपासतो तेव्हा जे कळतं, ते कागदावरून कळत नाही. गाठ आणि शौच रोखणारा स्नायू यांच्यात किती जागा उरलीय, हे त्यातून समजतं.

त्यावरच पिशवीचा प्रश्न अवलंबून आहे. तू फोनवर हा विषय काढलाच नाहीस, पण तुझ्या मनात तोच असणार. स्नायू वाचवून आतडं जोडता येईल का, पोटाला पिशवी लागली तर काही महिन्यांची की कायमची, हे दोन्ही डॉक्टरांना विचार. रेक्टमची अशी किती ऑपरेशनं ते वर्षाला करतात, हेही विचार. यात उद्धटपणा नाही. आणखी एक लक्षात ठेव, "पिशवी लागणार नाही" म्हणणाराच चांगला असं नसतं. फार खाली जोडलं की काही जणांना दिवसातून पुष्कळदा संडासला धावावं लागतं, रोखून धरता येत नाही. वहिनींना बाहेर जाणं, भजनी मंडळ, नातवंडांना शाळेत सोडणं, यातलं काय जपायचंय ते त्यांनीच ठरवायला हवं. पिशवी लागणार असेल तर ऑपरेशनच्या आधी स्टोमा नर्सकडून (पिशवीची काळजी शिकवणाऱ्या नर्सकडून) जागेवर खूण करून घ्या. बसवून, उभं करून, वाकवून बघतात. वहिनी नऊवारी नेसत नसल्या तरी परकराची नाडी कुठे बांधतात ते त्या दिवशी दाखवायला सांग. नेमकी नाडीखाली पिशवी आली तर रोजचा जाच होतो.

यासाठी त्यांना सगळं माहीत असायला हवं. तुझे मामा म्हणतात, "ताईला काही सांगू नका, धसका घेईल." त्यांची माया कळते मला, पण मला ते पटत नाही. सही वहिनींची, शरीर वहिनींचं. ज्या बाईने घरातली एवढी आजारपणं काढली, तिला "अल्सर आहे" म्हणून टेबलावर नेणं बरोबर नाही. सांगताना घाई करू नकोस. त्या विचारतील तेवढं सांग, खोटं मात्र एकही वाक्य नको.

दोन्ही मतं जुळली तर आनंदाने पहिल्या डॉक्टरांकडे जा, त्यात कसला कमीपणा? नाही जुळली तर घरात मतदान घेऊ नका. दोघांनाही एवढंच विचार, "त्यांनी असं सांगितलंय, तुम्हाला वेगळं का वाटतं?" पुष्कळदा फरक एखाद्या स्कॅनच्या वाचनात किंवा स्लाइडमध्ये असतो आणि दोघं एकमेकांशी फोनवर बोलले की सुटतो.

पैशांचं थोडक्यात. ऑपरेशनची ॲडव्हान्स रक्कम भरली नसेल तर अजून भरू नका. मेडिक्लेमच्या टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेमचं काम बघणाऱ्या संस्थेला) हॉस्पिटल बदलू शकतं हे कळवून ठेव. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या-त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचार, रेशन कार्ड आणि आधार सोबत असू दे.

आणि तू स्वतः. आईला हा आजार झाला म्हणजे तुम्हा भावंडांची कोलोनोस्कोपी इतरांपेक्षा लवकर व्हायला हवी, साधारण चाळिशीत किंवा आईला ज्या वयात निदान झालं त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. एमएमआरमध्ये काही निघालं तर त्याहूनही लवकर. आज त्याचा घोर नको, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव.

लॅबचा अर्ज आजच दे, शनिवारी दुपारनंतर ब्लॉक काढून देणारा माणूस बहुधा नसतो. काय लिहायचं ते सुचलं नाही तर फोन कर, मी सांगतो. ब्लॉक घ्यायच्या दिवशी मी तुझ्याबरोबर येईन.

तुझा,
काका