मार्च एंडनंतर आमची अकाउंट्सची टीम पार गळून गेली आहे. उत्साह परत कसा आणू?

केक-पार्टीच्या मागे लागू नका, आधी त्यांना झोप मिळू द्या. ३१ मार्चपर्यंत रात्री थांबलेल्यांना बदली रजा द्या, तीही तारीख ठरवूनच. ‘बघू नंतर’ म्हटलं की माणूस आणखी खचतो. दरमहा जीएसटी रिटर्न भरत असाल तर ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि २० पर्यंत ३बी (एकूण कराचा गोषवारा) असतंच, म्हणून रजेवर पाळीपाळीने सोडा. कौतुकही मोघम नको. बँक रिकन्सिलिएशनमधला, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवतानाचा, अडलेला फरक जिने शोधला, तिचं नाव घेऊन मोठ्या साहेबांसमोर सांगा. नेमकं हेच राहून जातं, आणि लोकांना ते फार लागतं. एरवी बडबड करणारा कुणी गप्प झाला असेल, तर त्याला एकट्याला चहाला घेऊन जा.