मिन्यान म्हणजे गणपूर्ती का?

प्रश्न असा आहे : एका लेखात ‘मिन्यान जमला नाही, म्हणून कद्दिश राहिलं’ असं वाक्य वाचलं (कद्दिश ही ज्यूंची एक प्रार्थना). इथे ‘मिन्यान’ला ‘गणपूर्ती’ म्हटलं तर चालेल का?

अर्थ कळण्यापुरतं चालेल, पण मी तसं लिहिणार नाही. गणपूर्ती सभेची असते. ती झाली की कामकाज सुरू होतं. मिन्यान म्हणजे ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला जमलेली दहा माणसंच. शब्द हिब्रू आहे, ‘मोजणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. सनातनी पद्धतीत तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा पुरुष लागतात. सुधारक पंथांत स्त्रियाही धरतात.

ज्यूंची प्रार्थना एकट्यालाही करता येते. शुक्रवारी सांजवेळी शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावणं आणि द्राक्षरसावर किद्दुश हा आशीर्वाद म्हणणं घरच्या घरी होतं. तिघे एकत्र जेवले, तर जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेआधी एकजण बाकीच्यांना बोलावणीचे शब्द म्हणतो. पण तोरा या धर्मग्रंथाचं जाहीर वाचन आणि कद्दिश यांना दहाजण हवेतच. आईवडील गेल्यावर मुलगा अकरा महिने कद्दिश म्हणतो. ती अरामी भाषेतली देवाची स्तुती आहे, तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. तो म्हणतो आणि बाकीचे ‘आमेन’ म्हणतात. ते आमेन म्हणायला माणसं हवीत, म्हणून तर मिन्यान. आपल्या ‘पाचामुखी परमेश्वर’च्या जवळचीच ही भावना आहे, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे शब्दाचा अर्थ ‘मोजणी’, पण माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत! दावीद राजाने शिरगणती केली आणि रोगराई आली, अशी बायबलातली कथा आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ म्हणतात, माणसामागे एक शब्द : ‘होशिया, एत, अम्मेखा…’ म्हणजे ‘तुझ्या लोकांना तार…’. दहावा शब्द ज्याच्यावर येतो, त्याच्यापाशी मिन्यान पुरा. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणणारे आपले शेतकरी इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

हा शब्द मराठीला परका नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू मराठीच बोलत आले. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मागे राहिलेल्या मोजक्या घरांत नववा माणूस आला तरी दहाव्याची वाट पाहावी लागते. ही ओढ ‘गणपूर्ती’त येत नाही.

तेव्हा ‘मिन्यान’ तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘प्रार्थनेला लागणारे दहाजण’ एवढं सांगा. लिंग पुल्लिंगी धरावं, मुळातही तेच आहे : मिन्यान जमला, मिन्यान मोडला.