ऑनलाइन मराठी वर्ग: उमेद, हिशेब आणि थांबायची तारीख

जोडीदाराच्या नोकरीपायी परदेशात आलेल्यांना भारतातून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "घरबसल्या ऑनलाइन काहीतरी कर की". सल्ला वाईट नाही, पण त्यातल्या "काहीतरी"ने घोळ होतो. म्हणून या वेळी एकाच उद्योगाबद्दल लिहितो आहोत: परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवणं. भांडवल जवळपास लागत नाही, गरज खरी आहे आणि उमेद खचते तीही ठरलेल्या जागी. त्या जागा आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

सुरुवात व्हिसापासून. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर वर्क परमिट, म्हणजे ईएडी, हातात आल्याशिवाय एक डॉलरही फी घेऊ नका. ही सोय २०१५ पासून आहे, पण सरसकट नाही. जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा कंपनीचा अर्ज, मंजूर झालेला हवा किंवा सहा वर्षांच्या पुढे एच-१बी वाढवून मिळालेला हवा. एल-२ वरच्या, म्हणजे कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्याच्या, जोडीदाराला वेगळं ईएडी लागत नाही; आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर, "एल-२एस" लिहिलेलं आहे ना, तेवढं पाहा. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करता येत नाही. "फी आईच्या पुण्याच्या खात्यात घेते, मग काय अडचण?" असं बरेच जण विचारतात. अडचण आहे. पैसे कुठल्या खात्यात पडतात हे गौण. काम करताना तुम्ही कुठल्या देशात बसला आहात, हे पाहिलं जातं. शिवाय अनिवासी झाल्यावर भारतातलं जुनं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं.

ईएडीची आणखी एक गोम आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नसेल तर वर्ग त्या दिवशी बंद. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, तो तेव्हाच करा आणि कार्डाच्या शेवटच्या तारखेपलीकडची फी आगाऊ घेऊ नका. एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर ६० दिवसांची मुदत दोघांच्याही डोक्यावर येते. तेव्हा हा वर्ग घरातली दुसरी मिळकत असला, तरी अशा संकटातला विमा नाही.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावाल्याच्या जोडीदाराला स्वयंरोजगाराची मोकळीक आहे. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या करवर्षात एकूण जमा १,००० पौंडांच्या वर गेली, तर पुढच्या ५ ऑक्टोबरच्या आत सेल्फ असेसमेंटची, म्हणजे स्वतः कर विवरणपत्र भरण्याची, नोंदणी करायची. जर्मनीत शिकवणं हे फ्रायबेरूफ्लर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, या प्रकारात मोडतं, त्यामुळे व्यवसाय कार्यालयात नोंद लागत नाही. काम सुरू केल्यापासून महिन्याभरात एल्स्टर या कराच्या संकेतस्थळावर कर कार्यालयाची प्रश्नावली भरायची. तिथला खरा चटका आरोग्य विम्याचा. जोडीदाराच्या विम्यात फुकट सामील असाल तर मिळकतीला मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती महिना ५३५ युरो होती आणि दरवर्षी बदलते. ती ओलांडली की स्वतःचा हप्ता सुरू, आणि तो पहिल्या दोन बॅच गिळून टाकू शकतो. स्वतंत्र शिक्षकांना पेन्शन विमाही लागू होऊ शकतो, तेही आधी विचारून घ्या. सिंगापुरात डिपेंडंट पासवर काम करायला वेगळी परवानगी लागते; छोट्या वर्गासाठी तो खटाटोप परवडत नाही.

आता आकडे. धरून चाला की पाच मुलांची एक बॅच आहे, आठवड्यातून एकदा ४० मिनिटं, मुलामागे १२ डॉलर. म्हणजे वर्गाला ६० डॉलर. ४० मिनिटांत ६० डॉलर ऐकून घरचे खूश होतात. पण पहिल्या वर्षी एका वर्गाच्या तयारीला सहज दीड तास लागतो, होमवर्क तपासायला अर्धा तास आणि पालकांच्या व्हॉट्सॲपला २० मिनिटं. बेरीज तीन तास. म्हणजे ताशी २० डॉलर, तेही करापूर्वी.

त्यातून काय काय जातं? फी कार्डाने घेतलीत तर स्ट्राइपसारखी सेवा अमेरिकेत प्रत्येक व्यवहाराला २.९ टक्के आणि वर ३० सेंट घेते. दर वर्गाला १२ डॉलर घेतलेत तर महिन्याला पाच मुलांमागे साधारण १३ डॉलर जातात; महिन्याचे ४८ एकदम घेतलेत तर साडेआठ. म्हणून फी महिन्याची किंवा दहा वर्गांची एकदम घ्या. मग सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वयंरोजगारावरचा कर. वर्षाची निव्वळ मिळकत ४०० डॉलर झाली की तो लागतो. दर १५.३ टक्के, पण मिळकतीच्या ९२.३५ टक्क्यांवर, म्हणजे प्रत्यक्षात १४ टक्क्यांच्या थोडा वर. त्यावर नेहमीचा आयकर, आणि तो जोडीदाराच्या पगारावर चढून बसतो. एकत्रित विवरणपत्रात २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर महिन्याच्या २४० डॉलरमधले हातात १५० च्या आसपास उरतात. बारा तासांचे १५०. राज्याचा कर त्यातून आणखी वेगळा. "फॉर्म १०९९ (पैसे देणाऱ्याने पाठवायचा मिळकतीचा फॉर्म) आला नाही म्हणजे कर नाही" ही मराठी मंडळाच्या पार्किंगमध्ये ऐकायला मिळणारी समजूत चूक आहे.

हे वाचून वही मिटू नका, कारण गणित पुढे सुधारतं. तोच धडा दुसऱ्या बॅचला शिकवलात तर तयारीचा दीड तास पुन्हा लागत नाही. दुसरी बॅच दीड तासात उरकते आणि तिचा दर करापूर्वी ताशी ४० डॉलर पडतो. एकाच पातळीच्या तीन बॅच मिळून सहा तासांत १८० डॉलर, म्हणजे सरासरी ३०. उलट तीन बॅच तीन वेगळ्या पातळ्यांच्या घेतल्यात तर तुम्ही कायम वीसवरच राहता आणि रविवारी रात्री वर्कशीटं कापत बसता. नवखे नेमकं हेच करतात, कारण येईल त्या मुलाला "नाही" म्हणवत नाही. पहिलं वर्ष एकच पातळी घ्या. मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देतात, अशी सहा ते नऊ वर्षांची मुलं सगळ्यात जास्त भेटतील. मुलं वयापेक्षा बोलण्यावरून निवडा. फडाफडा बोलणारा पाच वर्षांचा मुलगा आणि एकेक शब्द शोधणारी दहा वर्षांची मुलगी एका बॅचमध्ये बसवली, तर तिसऱ्या आठवड्यात मुलगी कॅमेरा बंद करते.

वेळही नीट निवडा, कारण खरी स्पर्धा वेळेवर ठरते. पुण्या-नाशिकहून शिकवणाऱ्या बाई तुमच्यापेक्षा कमी फी घेतात आणि उत्तम शिकवतात. पण न्यू जर्सीतले संध्याकाळचे सात म्हणजे भारतातले पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. तेव्हा अमेरिकेत आठवड्यातल्या संध्याकाळी तुम्हाला फारशी स्पर्धा नाही. न्यू जर्सीचे सात हे कॅलिफोर्नियाचे चार, त्यामुळे शाळेतून आलेली तिकडची मुलंही त्याच बॅचमध्ये बसतात. युरोपात ही सवलत नाही. लंडनचे संध्याकाळचे पाच म्हणजे भारतातले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा, आणि तेव्हा तिकडून शिकवणारे पुष्कळ. तिथे फीवरून झुंजण्यात अर्थ नाही. चार-पाच मुलांचीच बॅच आणि भरपूर बोलणं एवढंच द्या. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांचंही तसंच. त्या शनिवार-रविवारी भरतात आणि स्वयंसेवकांवर चालतात. त्यांच्या वेळेला वर्ग लावू नका. त्या शाळेतल्याच मुलांना मधल्या वारी बोलण्याचा सराव द्या.

घड्याळ बदलतं तेव्हा गोंधळ ठरलेला. अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा. दोन्हीकडची मुलं असतील तर मधल्या काळात एक तासाचा फरक पडतो आणि निम्मी बॅच रिकाम्या खोलीत येऊन जाते. आदल्या शुक्रवारी शहरांची नावं घालून वेळ कळवा.

साधनं थोडकी. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांनी तुटते, म्हणून त्या ४० मिनिटांत प्रत्यक्ष शिकवणं ३५ मिनिटांचंच आखा; लहान मुलांना तेवढा पुरतो. गुगल मीट फुकटात तासभर चालतं. वायरवाला हेडसेट घ्या, ब्लूटूथची बॅटरी दुसऱ्या बॅचला दगा देते. वर्गाचं रेकॉर्डिंग करू नका, लहान मुलांच्या चित्रफिती सांभाळण्याची जबाबदारी नकोच. त्याऐवजी महिन्यातून एकदा पालकांनाच सांगा: मूल आजीशी दोन मिनिटं बोलतानाचा व्हिडिओ तुमच्या फोनवर काढून ठेवा. चार महिन्यांनी पहिला आणि चौथा शेजारी ठेवून पाहिला की पुढची फी मागताना फार बोलावं लागत नाही. मोठ्यांना, म्हणजे अमराठी जावई-सुनांना शिकवायचं असेल तर प्रेप्लीसारखे मंच आहेत. पण तिथे ट्रायल तासाचे सगळे पैसे मंचाचे, आणि पुढे कमिशन ३३ टक्क्यांपासून सुरू होऊन तास वाढतील तसं १८ पर्यंत उतरतं. सवय व्हायला ठीक, संसार चालवायला नाही.

उमेद खचते ती शिकवताना नव्हे, मुलं शोधताना. म्हणून माणसं नकळत तयारीत दडी मारतात: लोगो, वेबसाइट, वर्गाचं नाव, कॅन्व्हावर मोरपंखी रंगाची पत्रकं. फी भरणारी तीन मुलं येईपर्यंत यातलं काही करायचं नाही. आठवड्याला दहा तास देणार असाल तर पहिल्या दोन महिन्यांत त्यातले निदान पाच पालकांशी बोलण्याचे. वहीत चार रकाने आखा: कुणाला विचारलं, कोण ट्रायलला आलं, कुणी फी भरली, कोण सोडून गेलं आणि का. रविवारी पाहायचा तो पहिला रकाना, कारण तेवढाच तुमच्या हातात आहे. आठवड्याला पाच नव्या पालकांना विचारलं असेल तर तुमचं काम झालं, मग फी येवो न येवो. दोन महिने विचारून ट्रायलला कुणीच आलं नाही, तर वेळ किंवा वयोगट चुकलाय. ट्रायलला येतात पण फी भरत नाहीत, तर ट्रायलचा वर्ग तपासा. बहुधा त्यात तुम्हीच जास्त बोलता आणि मूल कमी.

ओळखीत पैसे मागणं अवघड जातं, मान्य. "आपल्यातलेच आहात, बघू नंतर" म्हणालात की ते "नंतर" येत नाही. ट्रायल एकच, सगळ्यांना सारखा, आणि त्याच संध्याकाळी हा निरोप: "आज ईशान छान रमला. मंगळवारच्या बॅचमध्ये एक जागा आहे. महिन्याचे चार वर्ग, ४८ डॉलर, पहिल्या वर्गाआधी. जागा ठेवू का, शुक्रवारपर्यंत कळवाल?" शुक्रवारनंतर एकदाच आठवण करायची. सख्ख्या मैत्रिणीला सवलत द्यायचीच असेल तर आकडा सांगून द्या, मोघम नको.

ऋतू विसरू नका. अमेरिकेत जूनच्या मध्यापासून निम्मी मुलं भारतात, डिसेंबरचे दोन आठवडे गेले, मग वसंतातली सुट्टी. वर्षाचे ५२ आठवडे धरू नका, ३६ धरा. नवी मुलं दोनदाच येतात: ऑगस्टअखेर ते गणपतीपर्यंत, आणि जानेवारीत. मे महिन्यात सुरू करून जुलैत "मला जमत नाही" असं ठरवणारे बरेच असतात. त्यांचं शिकवणं ठीकच असतं, नडतो तो महिना.

घरच्यांना दोन गोष्टी सांगा. पहिले सहा महिने हे पैसे घरखर्चात धरायचे नाहीत. वेगळ्या खात्यात जातील आणि त्यातला तिसरा हिस्सा करासाठी राहील. अमेरिकेत वर्षाचा भरायचा राहिलेला कर १,००० डॉलर किंवा जास्त होणार असेल तर तो साधारणपणे १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला हप्त्यांनी भरावा लागतो. दुसरी गोष्ट, वर्गाच्या वेळी पोळ्या आणि धाकटा दुसऱ्याकडे. "तू तर घरीच असतेस" हे वाक्य पहिल्याच महिन्यात मोडून काढलेलं बरं. आणि दर रात्री जेवताना "आज किती आले?" असं विचारू नये, महिन्याच्या शेवटी वही दोघांनी मिळून पाहावी.

या काळात, उत्साह उतरलेला असताना, दुसरी आमिषं बरोबर भेटतात. भारतीय किराणा दुकानात कुणी आपणहून "तुम्ही मराठी का?" म्हणून ओळख काढतं आणि तिसऱ्या भेटीत "आमचा एक साइड बिझनेस आहे" निघतो. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक द्यायचे आधी थोडे पैसे देतात आणि मग "पुढच्या टप्प्यासाठी" तुमच्याकडून भरून घेतात. महिन्याला हजारो डॉलर कसे मिळवायचे हे शिकवणारा कोर्स विकणाऱ्याची मिळकत बहुधा तो कोर्सच असतो. काम मिळण्यासाठी आधी पैसे भरावे लागत असतील तर तिथेच उठा.

सुरू करायच्या दिवशीच थांबायची तारीख लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये सुरू केलंत तर ३१ जानेवारी योग्य, कारण तोवर नव्या मुलांचे दोन्ही हंगाम होऊन जातात. शेजारी दोन आकडे लिहा: फी भरणारी किमान आठ मुलं आणि सगळे तास धरून करापूर्वी ताशी किमान २० डॉलर. दोन्ही जमले तर दुसरी बॅच पक्की करा. एकच जमला तर जून अखेरपर्यंत चालवा, पण बदल एकच करा, वेळ किंवा पातळी. दोन्ही एकदम बदललेत तर कशाने काय झालं ते कळत नाही. एकही जमला नाही तर नवी मुलं घेऊ नका. पालकांना चार आठवडे आधी कळवा, भरलेले वर्ग पूर्ण शिकवा, उरलेली फी मागायची वाट न पाहता परत करा आणि मुलांना जवळच्या मराठी शाळेचा पत्ता द्या. फेब्रुवारीत त्यांना तिथे घेतील का, हे आधी तुम्हीच फोन करून विचारा.