फायटर काढून घेतलं तर?

पत्र: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. आमचं इस्लामपूरला किराणा दुकान आहे. त्याला एनडीएतून एअरफोर्समध्ये जाऊन फायटर पायलटच व्हायचंय. सासरे त्याला १९७१ च्या पारुळकरांची गोष्ट रंगवून सांगतात, मग स्वारी आठवडाभर जमिनीवर नसते. मी काही बोलले की घरात मीच वाईट. पण युद्धात सापडलेल्या पोरांचं पुढे काय होतं, हे मला कुणीच सांगत नाही. त्याला अडवू का?

उत्तर:

ताई, तुमच्या सासऱ्यांची गोष्ट खरी आहे. फक्त ती रंगात येते कैदेच्या भिंतीला भोक पाडण्यापाशी, आणि तुम्हाला हवा असलेला भाग त्यानंतरचा आहे.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकरांचं विमान १० डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडलं. त्याआधी १९६५ च्या युद्धात, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली असताना, खांद्याला गोळी लागूनही त्यांनी आपलं हंटर विमान परत आणलं होतं. १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे रावळपिंडीच्या कैदेतून निसटले, बस पकडून पेशावरला आणि तिथून लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द काही मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खाना कुठे आहे म्हणून विचारलं, कारण त्यांच्याजवळच्या शाळकरी ॲटलासमध्ये रेल्वेचं शेवटचं स्टेशन तेच होतं. तो फाटा १९३२ मध्येच बंद झालेला. स्थानिक माणूस असं विचारणारच नाही. संशय आला आणि तिघेही धरले गेले. (पाच वर्षांपूर्वीचं गाईड घेऊन माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हे हमखास ऐकवतो.) सुटका झाली ती १ डिसेंबर १९७२ ला, वाघा सरहद्दीवर, बाकीच्या कैद्यांबरोबरच.

पारुळकर परतले आणि नोकरीतच राहिले. एअर फोर्स अकॅडमीत त्यांनी पोरांना उडायला शिकवलं, खडकवासल्याला एनडीएत बटालियन कमांडर होते, ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. गेल्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले.

पण प्रत्येक घरात वाघ्याहून कुणी परतलं नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला बेपत्ता झाले. पत्नी दमयंती बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांबरोबर त्या पाकिस्तानातल्या तुरुंगांपर्यंत जाऊन आल्या. छत्तीस वर्षांनी! तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, एरवी हे मी पत्रातून लिहीत नाही.

आता यांच्या मधलं, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. विमानातून इजेक्ट होताना खुर्चीखालचं रॉकेट पेटतं आणि क्षणभर शरीरावर स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो. मणके दबतात, कधी मोडतात. कारगिलच्या वेळी २७ मे १९९९ ला नचिकेतांच्या मिग-२७ चं इंजिन बंद पडलं, त्यांना उडी घ्यावी लागली. पंचविशीतलं पोर. आठ दिवस कैद, मारहाण, मग सुटका. पाठीच्या दुखापतीमुळे पुढे फायटर मात्र सुटलं. त्यांनी वायुदल सोडलं नाही, मालवाहू विमानांकडे गेले, आयएल-७६ चालवलं. उलट अभिनंदन वर्धमान फेब्रुवारी २०१९ मध्ये पडले आणि त्याच सप्टेंबरात पुन्हा मिग-२१ मध्ये बसले. त्या दिवशी त्याच विमानात वायुदलप्रमुख धनोआ होते. १९८८ मध्ये त्यांनी स्वतः इजेक्ट केलं होतं आणि परत उडायला त्यांना नऊ महिने लागले होते. उडी तीच, एकाचं फायटर गेलं, दोघांचं राहिलं. ते ठरवतो मणका आणि वायुदलाचा डॉक्टर.

म्हणून मुलाला ‘मरायची भीती वाटत नाही का’ असं विचारू नका. सतरा वर्षांचा मुलगा ‘नाही’च म्हणणार, आणि खरंच म्हणणार. त्याला विचारा, ‘फायटर काढून घेतलं तर गणवेश ठेवशील?’ हा प्रश्न युद्धाची वाटही बघत नाही. खडकवासल्याची तीन वर्षं झाल्यावर पुढे उड्डाणाच्या प्रशिक्षणात ठरतं, कोण फायटरला, कोण ट्रान्सपोर्टला, कोण हेलिकॉप्टरला. चांगली-चांगली मुलं तिथे हेलिकॉप्टरला जातात.

माझ्याकडे सांगलीचा एक मुलगा यायचा. लेखी पास, एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे, पाचही दिवस उत्तम, आणि सीपीएसएसला, म्हणजे पायलट होण्याची क्षमता तपासणाऱ्या संगणकीय चाचणीला, नापास. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्याने फॉर्ममध्ये फ्लाइंग सोडून दुसरा पसंतीक्रमच भरला नव्हता. दोन महिने खोलीतून बाहेर आला नाही, जेवणाचं ताट आई दाराशी ठेवायची. तुमचा मुलगा पसंतीक्रम भरताना आर्मी, नेव्ही, ग्राउंड ड्यूटी यांच्यापुढे काय लिहितो ते शेजारी बसून बघा. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

त्याला अडवू नका, असं माझं मत. मात्र ‘तुला झेपणार नाही’ म्हणून गप्प बसवण्यापेक्षा तांबे आणि नचिकेत, दोन्ही गोष्टी त्याला सांगा. आजोबांसमोरच सांगा, म्हणजे तुम्ही एकट्या वाईट ठरणार नाही. आणि तुमची भीतीही त्याला कळू द्या. ती चुकीची नाहीच.

बाकी व्यवहाराचं: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स सोडायचं नाही. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीत असतानाच बसता येतं. नियम यूपीएससीच्या त्या-त्या वेळच्या जाहिरातीतच वाचा. या दिवाळीच्या सुट्टीत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन नंबर आणि रंगांची ओळख, दोन्ही तपासून घ्या. पायलटसाठी नंबरचे नियम फार कडक आहेत. रिपोर्ट मला कळवा. नंबर निघाला तर आपल्याला वेगळंच बोलावं लागेल.